दादांचा टीव्ही

हे सगळं घडलं ते एकोणीसशे नव्व्याण्णव साली. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी आमच्या जिन्याला लोखंडी कठडा बसवला आणि त्याच वर्षी भावजींचा आवाज गेला. कठडा अजून आहे.

भावजी म्हणजे माझे थोरले दीर. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं. प्रार्थनाघरात संध्याकाळची प्रार्थना तेच सांगत. आमच्या यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर आमचं बिऱ्हाड. यांना नवीन काही दिसलं की हात शिवशिवायचे. गच्चीवरून गच्चीवर तारा ओढून यांनी निम्म्या गावाला केबल दिली आणि कॅसेट लावून सिनेमे दाखवायला सुरुवात केली. एकदा भावजी जेवताना सहज म्हणाले की म्हाताऱ्या माणसांना प्रार्थनाघराच्या पायऱ्या चढवत नाहीत, बिचारी घरीच बसतात. यांनी हातातला घास तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका मित्राचा जुना कॅमेरा घरात आला. भावजींनी प्रार्थनाघरातली प्रार्थना दुसऱ्यावर सोपवली आणि एवढ्यावर आमची वाहिनी सुरू झाली. तिला एक भारदस्त नाव दिलं होतं, पाटीही रंगवून घेतली होती, पण ते नाव कुणी घेतलं नाही. लोक 'दादांचा टीव्ही' म्हणायचे. 'दादांचा टीव्ही लाव गं', 'दादांचा टीव्ही संपला की जेवायला वाढ', असं.

स्टुडिओ म्हणजे आमची मागची खोली. भिंतीला निळा रंग मी दिला, स्टुलावर चढून. मागचा पडदा म्हणजे माझ्या माहेरचा पलंगपोस. त्याच्यावरचा मोर दिसू नये म्हणून तो उलटा टांगला होता, तरी दिवे लागले की मोराची शेपटी भावजींच्या कानामागे अंधूक दिसायचीच. पंखा चालू ठेवला तर आवाजात घरघर यायची, म्हणून प्रार्थना चालू असेपर्यंत पंखा बंद. भावजी घामाने निथळत. मध्ये भजनाची ध्वनिफीत लागली की जाऊबाई टॉवेल घेऊन धावत आणि त्यांचं तोंड असं खसाखसा पुसत की जणू शाळेत जाणारं पोर आहे. कधी त्यांना वेळेचा अंदाज यायचा नाही आणि गावाला टॉवेलसकट त्या दिसायच्या. लोकांना त्यातही मौज वाटायची.

जाऊबाईंकडे टेलिफोन असे. प्रार्थनेच्या शेवटी भावजी आजाऱ्यांसाठी देवाकडे मागणं मागत आणि ज्यांच्या घरात दुखणं असेल ते दिवसभर फोन करून सांगून ठेवत. पहिल्या आठवड्यात भावजींनी आजाऱ्यांची नावं घेतली. त्यात एक ड्रायव्हर होता, त्याला फिट यायची. त्याच्या मालकाने ते टीव्हीवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं. भावजी त्या ड्रायव्हरच्या दारात जाऊन बराच वेळ उभे राहिले, तो काही बाहेर आला नाही. त्यानंतर त्यांनी नियम केला तो शेवटपर्यंत पाळला. नाव घ्यायचं नाही. नातं सांगायचं आणि धंदा. 'चष्मेवाल्याची सासू', 'शाळेच्या शिपायाचा पाठचा भाऊ', 'पोस्टात बसतात त्यांच्या आई'. देवाला तेवढ्यावरून कळतं, असं ते म्हणत. जाऊबाई म्हणत, देवाला कळतं, पण मला कळत नाही त्याचं काय. कारण फोनवर लोक सगळी वंशावळ सांगत बसायचे. एका बाईने गाईसाठी मागणं मागा म्हणून हट्ट धरला, तर जाऊबाई म्हणाल्या, "आधी माणसं संपू देत बाई, मग जनावरांकडे वळू." आणि फोन ठेवल्यावर स्वतःच हसत सुटल्या. "अगं, माणसं संपू देत काय म्हटलं मी."

आमच्या जिन्याखाली चावीवाल्याची टपरी होती. गावात चाव्या करणारा तो एकटाच. कुणाची किल्ली हरवली, कुलूप गंजलं, कुणी आतून कडी घालून बसलं, की यालाच बोलवायचं. हसरा माणूस. कपाळाला भिंग लावून कानस घासत बसलेला असायचा, आणि जिना चढणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी टोमणा मारल्याशिवाय वर जाऊ द्यायचा नाही. त्याच्या बायकोला सगळे चावीवहिनी म्हणत. बुटकी, चपळ, बोलायला तिखट. डबा घेऊन यायची तेव्हा टपरीतल्या टपरीत दोघांची जुंपायची आणि मी वरून ऐकत कपडे वाळत घालायची. "दुनियेची कुलपं उघडता, आणि घरातल्या लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडायला लागतं," असं तिचं काहीतरी चाललेलं असे.

आमची वाहिनी सुरू झाली त्याच सुमारास ती पहिलटकरीण होती. शेवटचे महिने तिला फार जड गेले. डॉक्टरांनी उठायला मनाई केली होती, दोघांपैकी एकाचंच काय ते, असंही बोलून दाखवलं होतं. चावीवाल्याने जिना चढून भावजींचे पाय धरले. त्या संध्याकाळी भावजींनी मागणं मागितलं. चावीवाल्याची बायको. ती पलंगावर पडून ऐकत होती. पुढे मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. डॉक्टर चांगले होते म्हणा, दिवस चांगले होते म्हणा. ती म्हणायची, दादांच्या तोंडून माझं निघालं तेव्हाच माझ्या पोटातली भीती गेली, बाकीचं आपोआप झालं. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मुलगी तिसरीत गेली त्या वर्षी भावजींचा घसा बसला. आधी आम्हाला वाटलं दिव्यांच्या उष्णतेने, पंखा बंद असतो म्हणून. मग मोठ्या इस्पितळात तपासलं, शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला आणि आवाज गेला. बोलायला तोंड उघडलं की नुसती हवा यायची, सायकलच्या चाकातून येते तशी. घरात त्यांनी मुलांची जुनी पाटी घेतली. पहिल्या दिवशी पाटीवर लिहिलं, 'आमटीत मीठ कमी.' आम्ही सगळे हसलो आणि मग कुणीच जेवलो नाही.

वाहिनीचं काय करायचं हा प्रश्न होताच. यांची एक पद्धत होती. संध्याकाळची प्रार्थना चालू असतानाच ती कॅसेटवर उतरवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रपाळी करून घरी आलेल्यांसाठी पुन्हा लावायची. नंतर खरं तर त्याच कॅसेटवर पुढचं उतरवायचं, पण यांना काही पुसवत नसे. पत्र्याच्या ट्रंका भरत गेल्या. यांनी त्यातल्या काढल्या आणि संध्याकाळी लावल्या. दोन महिन्यांत आवाज परत येईल, तोवर हे चालवू, असं जाऊबाईंचं म्हणणं. कुणाला सांगायचं नाही, भावजींनी घराबाहेर पडायचं नाही. दुसऱ्यासाठी मागणं मागणाऱ्याचाच गळा गेला हे कळलं तर लोक काय म्हणतील, असं त्या म्हणाल्या. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, पण आमच्या घरात जाऊबाईंपुढे कुणाचं चालत नसे, देवाचंसुद्धा थोडंच.

आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. प्रार्थना तीच, पलंगपोस तोच, घाम तोच. एका बाईने तर फोन केला की दादांची तब्येत हल्ली छान सुधारली आहे, दहा वर्षांनी लहान दिसतात. जाऊबाई म्हणाल्या, देवाची कृपा. भावजी समोरच बसले होते. त्यांनी पाटी उचलली, थोडा वेळ धरली आणि काही न लिहिता खाली ठेवली. मला वाटतं, आवाज गेल्याचं त्यांनी सोसलं होतं. तो नसल्याचं कुणाला कळत नाही, हे त्यांना सोसेना.

फोन मात्र येतच होते. नको म्हणावं तर का नको ते सांगायला लागणार. म्हणून जाऊबाई प्रत्येकाला म्हणत, "घेतलं हं, घेतलं." आणि संध्याकाळी जुन्या कॅसेटवरचे जुने आजारी वाचले जात. त्यातले किती बरे झाले होते, किती गेले होते, कुणाला ठाऊक. घरोघरी लोक आपलं नातं ऐकायला कान टवकारून बसत. कधीकधी जमूनही जाई. शिंप्याने आईसाठी सांगितलं होतं आणि त्याच आठवड्यात कॅसेटवर शिंप्याची आई निघाली. ती कुठल्या जुन्या शिंप्याची होती कोण जाणे. हा आनंदाने पेढ्यांचा पुडा घेऊन आला. जाऊबाईंनी तो पुडा उघडून देवापुढे ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, चालतंय." चालत होतं हे खरं. मलाच तो पेढा गिळवेना.

यांनी एकदा सुचवलं की दुसऱ्या कुणीतरी बसून वाचावं. मला बसवून पाहिलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि माझ्या तोंडून स्वतःच्या नवऱ्याचा धंदाही धड निघेना. जाऊबाई म्हणाल्या, "ही वाचायला बसली तर उठून बसलेली माणसंही परत अंथरूण धरतील." तो विषय तिथेच संपला.

त्या पावसाळ्यानंतर चावीवहिनी आजारी पडली. पोटातलंच काहीतरी, पण या वेळी वेगळं. इस्पितळात महिना काढला आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणाले तेव्हा काय समजायचं ते सगळ्यांना समजतं. चावीवाला टपरी उघडण्याआधी वर आला आणि दारातूनच म्हणाला, तिला दादांच्या टीव्हीवर घ्या. ती विचारतेय. तिला दुसरं काही नको आहे.

जाऊबाई म्हणाल्या, घेतलं हं.

त्या संध्याकाळी ती वाचली गेली नाही. कशी जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी चावीवाल्याने खालूनच हाक मारली, "काय वहिनी, आमचा नंबर लागला नाही अजून?" रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखं हसत. तिसऱ्या दिवशी हसत नव्हता. चौथ्या दिवशी वर आला आणि म्हणाला की आमचं काही चुकलं का, तिने मध्यंतरी प्रार्थनाघरात येणं सोडलं होतं म्हणून का, तसं असेल तर सांगा, मी येईन तिच्या वाट्याचं. जाऊबाई म्हणाल्या की यादी फार मोठी आहे, येईल पाळी. तो मान डोलावून खाली गेला. त्या दिवशी खालून कानशीचा आवाज आलाच नाही. शिंप्याची आई कुठेही सापडते, पण चावीवाला गावात एकच. योगायोगाने त्याची बायको निघणं शक्य नव्हतं.

मी तिला बघायला जात असे. तिची खोली छोटी, पलंग भिंतीला लावलेला, पायथ्याशी टेबलावर टीव्ही. खिळ्यांना जुन्या चाव्यांचे घोस टांगलेले, वारा आला की किणकिणायचे. ती इतकी वाळली होती की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटत नसे. जीभ मात्र तशीच होती. मला म्हणाली, "दादा माझ्यावर रुसलेत का गं? एवढ्या दुनियेचं वाचतात." मी म्हटलं, नाही, तसं काही नाही. ती म्हणाली, "मग एकदा म्हणू दे ना त्यांना. बरं व्हायला नको आहे मला. भीती वाटते, तेवढी जाऊ दे."

घरी येऊन मी हे यांना सांगितलं. हे तसेच उठले, ट्रंका बाहेर काढल्या आणि सगळ्यात जुन्या कॅसेटी शोधत बसले. त्यांवर काही लिहिलेलं नव्हतं, एकेक लावून बघायला लागत होती. भावजी येऊन शेजारी बसले. स्वतःचाच आवाज ऐकत, मांडीवर हात ठेवून. शेवटी ती सापडली. भावजींच्या डोक्यावर केस काळे, आणि त्यांच्या तोंडून स्वच्छ निघालं: "चावीवाल्याची बायको. पहिली वेळ आहे, घाबरली आहे. तिच्या मनातली भीती जावो, आई आणि बाळ दोघं..." आणि तिथे जाऊबाईंचा हात पाण्याचा पेला घेऊन चित्रात आला होता. भावजी अडखळले होते, पेला बाजूला सारून पुढे बोलले होते.

यांनी दोन मशीन जोडली आणि एकावरून दुसऱ्यावर उतरवत नको ते काढलं. पहिली वेळ काढली, बाळ काढलं. 'चावीवाल्याची बायको. घाबरली आहे. तिच्या मनातली भीती जावो', एवढं ठेवलं. जोड दिसू नये म्हणून त्याच्यापुढे लगेच तो पेला घेतलेला हात येऊ दिला. हात आला की बघणाऱ्याचं लक्ष हाताकडे जातं, आवाज तुटलेला कळत नाही. काम इतकं सफाईने झालं की जाऊबाईही म्हणाल्या, वा. भावजींनी पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं आणि मग खडू ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसले. चावीवाल्याला यांनी सकाळीच सांगितलं होतं की आज पाळी आहे. त्याने दाढी केली होती. मुलीची वेणी घातली होती, वाकडी. टीव्हीचा आवाज मोठा करून तो पलंगाच्या उशाशी उभा राहिला, लग्नात मुलीचा बाप उभा राहतो तसा.

भावजींचा आवाज आला. चावीवाल्याची बायको. घाबरली आहे. तिच्या मनातली भीती जावो. आणि पेला घेतलेला हात.

चावीवाला तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. मुलगी म्हणाली, आई, तुला म्हणाले. चावीवहिनी पडद्याकडे बघत होती. मग तिने हळूच पांघरुणाखाली हात नेऊन पोटावर ठेवला. तिचा चेहरा मी पाहत होते, आणि मला कळलं की तिला कळलं.

चावीवाला पाणी आणायला गेला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "हे तेव्हाचं आहे गं. तुझ्या जाऊबाईंचा पेला मध्ये आला तेव्हा मला एवढं हसू आलं होतं की कळ उठली होती. ते कसं विसरेन मी?"

मी तिचं पांघरूण सारखं करत राहिले. 

ती म्हणाली, "दादांना बरं नाहीये का?"

मी म्हटलं, आवाज गेला. आता येणार नाही.

तिने डोळे मिटले. मला वाटलं तिला राग आला असेल. पण ती म्हणाली, "मग त्यांच्यासाठी कोण म्हणतंय?" आणि थोड्या वेळाने, "यांना सांगू नकोस. हे खूश आहेत आज."

मी घरी परतले. सगळे जेवायला बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, तिने विचारलेलंही. जाऊबाई म्हणाल्या, कळलं तर कळलं, ती बाहेर सांगणार नाही. भावजी ताटावरून उठले आणि आतल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, यांनी कॅसेट लावली आणि आम्ही सगळे नेहमीसारखे मागच्या खोलीत बसलो होतो, तेव्हा ते कपडे करून बाहेर आले. गळ्यावरच्या व्रणाला मफलर गुंडाळला होता. चपला घातल्या.

जाऊबाई दारात आडव्या झाल्या. म्हणाल्या, "तुम्ही तिकडे टीव्हीवर बसला आहात. रस्त्यात दिसलात तर उद्यापासून कोण बघेल आपल्याला?"

भावजींनी पाटी घेतली नाही. त्यांनी जाऊबाईंच्या खांद्याला धरून हलकेच बाजूला केलं आणि जिना उतरले. एरवी कठड्याला धरत, त्या दिवशी धरलं नाही. मी त्यांच्यामागे धावले.

तो रस्ता मी जन्मभर विसरणार नाही. प्रार्थनेची वेळ. घराघरांतून, दुकानांतून, किराणावाल्याच्या गल्ल्यामागून, सगळीकडून त्यांचाच आवाज येत होता. एका खिडकीतला आवाज मागे पडे तोवर दुसरीतला सुरू होई. आणि ते स्वतः मधून चालले होते, तोंड मिटून. किराणावाल्याने मान वर करून पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. एक म्हातारी दारात आली आणि हात जोडायचे ते कुठे जोडावेत हे न कळून तशीच उभी राहिली. शिंपी पट्टी गळ्यात तशीच ठेवून बाहेर आला.   लोक एकेक करून दारात येत गेले आणि आम्ही पुढे चालत गेलो.

चावीवहिनीची खोली उघडीच होती. तिथेही टीव्ही चालू. कॅसेटवर कुणा गवंड्याच्या मुलासाठी मागणं चाललं होतं. दिवसभरात तिची तब्येत एकदम ढासळली होती, श्वास लागला होता. चावीवाल्याने भावजींना दारात पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. पडद्यावरही तेच होते, दारातही तेच. मी त्याला दोन शब्दांत सांगितलं. मला वाटलं तो ओरडेल, आम्हाला बाहेर काढेल. तो टीव्ही बंद करायला गेला, बटणापर्यंत हात नेला आणि थांबला. बायकोकडे पाहिलं, भावजींकडे पाहिलं. आवाज तिकडे होता आणि माणूस इकडे. काय बंद करायचं ते त्याला ठरवता येईना. त्याने हात खाली घेतला. टीव्ही चालूच राहिला.

भावजी पलंगाच्या कडेला बसले. तिचा हात हातात घेतला. आणि बोलायला लागले. म्हणजे ओठ हलत होते, गळ्यातून ती हवा येत होती, मफलर हलत होता. नेहमीचं सगळं ते म्हणत असावेत, कारण त्यांचं डोकं नेहमीच्याच जागी खाली वाकत होतं. वरून टीव्हीतला त्यांचा आवाज दुसऱ्याच कुणासाठी मागत होता. चाव्या किणकिणत होत्या. मला सारखं वाटत होतं की एवढ्यातला एक तरी आवाज, एकच, त्या ओठांवर येऊन बसावा. पण तसं काही होत नसतं.

चावीवहिनीने डोळे उघडले. आधी पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, टीव्हीचा आवाज मोठा होता. चावीवाल्यालाही नाही. तिच्या तोंडाजवळ वाकले होते ते फक्त भावजी. त्यांनी मान हलवली.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. भीती गेली होती का, हे मला सांगता येणार नाही. शेवटी तिचे डोळे मिटलेलेच होते.

काही दिवसांनी चावीवाला वर आला. भावजींना म्हणाला, "दादा, ती काय म्हणाली तेवढं सांगा. वाईट असलं तरी चालेल." भावजींनी पाटी घेतली. बराच वेळ लिहीत होते. मग लिहिलेलं वाचलं, हाताच्या पंज्याने सगळं पुसलं आणि पाटी पालथी घातली. चावीवाला उभा राहिला, उभा राहिला, आणि उतरून गेला. यांनी नंतर मला विचारलं की का नसतील सांगितलं. मी म्हटलं, असेल काही न सांगण्यासारखं, किंवा त्यांनाही ऐकू आलं नसेल.

त्यानंतर वाहिनी फार चालली नाही. पहिल्या दिवसांत लोक हळहळले, भावजींसाठी घरी येऊन बसले. मग एकेकाला आठवायला लागलं की आपण फोन कधी केला होता आणि जाऊबाई 'घेतलं हं' कधी म्हणाल्या होत्या. शिंपी आला. त्याची आई त्या पेढ्यांनंतर महिन्याभरात गेली होती. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, मग त्या दिवशी कुणाची आई होती ती?  यांनी काही दिवस नुसती भजनं लावली. पुढे एका मोठ्या कंपनीने गावात डिशच्या छत्र्या बसवल्या, शंभर वाहिन्या दिल्या आणि आमच्या तारा गच्च्यांवर लोंबत राहिल्या. यांनी त्या काढल्या नाहीत. पुढे आपोआप तुटल्या.

भावजी आणखी सहा वर्षं जगले. आजारी माणूस कुठे आहे असं कळलं की मफलर गुंडाळून जात आणि जवळ बसत. काही घरांत त्यांना खुर्ची देत, काही घरांत दारातूनच सांगत की झोपलाय, नंतर या. ते नंतरही जात. स्वतःच्या शेवटच्या दुखण्यात त्यांच्याजवळ आम्हीच तिघं होतो. यांनी धीर करून मागणं म्हणायला घेतलं आणि धंदा काय सांगायचा तिथेच अडले.

जाऊबाई पुढे भ्रमिष्ट झाल्या. टेलिफोन काढून टाकला तरी त्याच्या जागेवरून उठत नसत. रिकामी मूठ कानाला लावून 'घेतलं हं, घेतलं' असं म्हणत राहत. त्या गेल्या तेव्हा मला फार रडू आलं. त्या वाईट नव्हत्या, त्यांना फक्त गोष्टी बंद पडू द्यायच्या नसत.

चावीवाल्याने पुन्हा लग्न केलं नाही. त्याने ती कॅसेट मागून नेली होती, जोडलेली नव्हे, मूळची, बाळासकट. त्याच्याकडे लावायचं मशीन नव्हतं. यांनी आपलं देऊ केलं तर नको म्हणाला, कॅसेट घरात असली म्हणजे झालं. डोळे अधू झाल्यावर त्याने काम सोडलं, आणि दोन वर्षांपूर्वी गेला.

हे जाऊन आता बराच काळ झाला. दुकानाची जागा मी भाड्याने दिली आहे, तिथे मोबाइल विकतात. निळी खोली तशीच आहे, रंगाचे पोपडे निघालेत.

जिन्याखालच्या टपरीत आता चावीवाल्याची मुलगी बसते. विजेवर चालणारं मशीन घेतलंय तिने. बापासारखीच जिना चढणाऱ्याला टोमणे मारते. मला म्हणते, आजी, कठड्याला धरा, तुमची चावी माझ्याकडे नाही. परवा बापाच्या सामानात तिला ती कॅसेट सापडली. वर घेऊन आली. म्हणाली, कुणाकडून तरी हिच्यातलं काढून घेता येईल का, हिच्यात आई आहे असं बाबा म्हणायचे.

मी कॅसेट हातात घेऊन पाहिली. फितीवर पांढरी बुरशी चढली होती. निघणार नाही असं मी म्हटलं नाही, निघेल असंही म्हटलं नाही. तिला सांगितलं की यात तुझी आई दिसत नाही, बोलत नाही. दादा बोलतात, माझ्या जाऊबाईंचा हात दिसतो. तुझी आई म्हणजे फक्त दोन शब्द आहेत, आणि त्यातही तिचं नाव नाही.

तिने कॅसेट माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, आणि मी?

मी म्हटलं, तू आहेस. बाळ असं म्हणाले होते.

तिने कॅसेट परत पिशवीत घातली आणि खाली गेली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.